पेंग तेहुआय : भूक ठाऊक असलेला मार्शल

गवताळवाट (धागाकर्ता)

डॉ. कोटणीसांच्या धाग्यावर मी 'शंभर रेजिमेंटची मोहीम' असं जाता जाता टंकलं आणि ती मोहीम काढली कोणी, असं तिघांनी विचारलं. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय. चहा घेऊन बसा.

माणसाचं नाव पेंग तेहुआय. चिनी लाल सेनेतला सेनापती, कोरियात अमेरिकेला मागे रेटणारा, कम्युनिस्ट चीनचा पहिला संरक्षणमंत्री, १९५५ साली झालेल्या दहा मार्शलांत लाल सेनेचा सरसेनापती चू तेह याच्या खालोखाल दुसरा. लढायांची यादी आंतरजालावर कुठेही मिळेल. मला हा माणूस कळतो तो त्याच्या उपाशी पोटातून.

जन्म १८९८, हुनान प्रांतातला शियांगतान तालुका. माओचाही तालुका हाच. पण माओच्या बापाकडे धान्याचा व्यापार करण्याइतकी सुबत्ता होती आणि पेंगच्या घरात आई लवकर गेली, बाप आजारी, सहा महिन्यांचा धाकटा भाऊ उपासमारीने मेला. शाळा दोनेक वर्षांत सुटली.

त्यानेच पुढे लिहून ठेवलेला प्रसंग सांगतो. चिनी वर्षाचा पहिला दिवस. आसपासच्या श्रीमंत घरांत फटाके वाजताहेत आणि यांच्या घरी चुलीवर ठेवायला तांदळाचा दाणा नाही. दहा वर्षांचा पेंग धाकट्या भावाला घेऊन आयुष्यात पहिल्यांदा भीक मागायला निघाला. एका मास्तराच्या दारात विचारणा झाली, "तुम्ही लक्ष्मी घेऊन येणारी पोरं का?" सणाच्या दिवशी अशी पोरं दारात येणं शुभ. पेंग म्हणाला, "नाही, आम्ही भिकारी." भाऊ म्हणाला, "हो." भावाला अर्धा वाडगा भात आणि मांसाचा एक तुकडा मिळाला. पेंगला काही नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि तो भुकेने चक्कर येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी तो उंबऱ्यावर अडून बसला. भीक मागायला जाणार नाही. मग सत्तरी ओलांडलेली आजी काठी टेकत, बांधलेल्या लहानग्या पावलांनी, दोन नातवंडांना घेऊन बर्फात निघाली. याने डोंगरावर जाऊन लाकडं तोडली, दहा पैशांना विकली आणि मिठाची पुडी आणली. वाळक्या खोडावर अळंबी सापडली तीही आणून शिजवली. आजी संध्याकाळी भिकेचा भात घेऊन आली आणि तो तिने त्या कालवणात ओतला. पेंग खाईना. आजी रडायला लागली. म्हातारपणी हे लिहिताना तो म्हणतो की अजूनही हे आठवलं की डोळ्यांत पाणी येतं. हे त्याने लिहिलं कैदेत, चौकशी अधिकाऱ्यांना द्यायच्या कबुलीजबाबात. त्यांना त्याचे गुन्हे हवे होते, याने आजी सांगितली.

मधलं भराभर उरकतो. कोळशाच्या खाणीत पाणी उपसायचं काम, मालकाने बुडवलेली मजुरी. दुष्काळात धान्य दाबून बसलेल्या सावकाराचं कोठार उघडणाऱ्या जमावात सामील, म्हणून गावातून फरार. दोंगतिंग सरोवराच्या बांधावर माती वाहिली. १९१६ला हुनानच्या फौजेत साधा शिपाई, १९२८ला कम्युनिस्ट पक्षात, आणि त्याच वर्षीच्या २२ जुलैला पिंगज्यांगला आपल्या पलटणीसह बंड. लाँग मार्चमध्ये, म्हणजे १९३४-३५च्या लाल सेनेच्या हजारो मैलांच्या पायी माघारीत, तो तिसऱ्या सैन्यगटाचा प्रमुख होता. दलदलीच्या गवताळ प्रदेशात अन्न संपलं तेव्हा त्याने स्वतःचं लाडकं काळं खेचरसुद्धा मारून सैनिकांना खाऊ घालायला लावलं. ही गोष्ट चिनी पोरं शाळेच्या पुस्तकात वाचतात. १९३६ला अमेरिकन पत्रकार एडगर स्नो त्याला भेटला तेव्हा या सेनापतीच्या अंगात एक बंडी होती, पाडलेल्या शत्रूविमानातल्या हवाई छत्रीच्या कापडाची. तिचं त्याला फार कौतुक.

आता शंभर रेजिमेंट. २० ऑगस्ट १९४०, उत्तर चीन. जपान्यांनी रेल्वेच्या रुळांनी आणि ठाण्यांनी मुलूख जाळ्यासारखा बांधून टाकलेला. पेंगने रूळ, पूल, खाणी उखडायची मोहीम काढली. ठरलं होतं वीस-बावीस रेजिमेंटचं, हां हां म्हणता शंभराच्या वर उतरल्या, म्हणून हे नाव. आपले सोलापूरचे कोटणीस याच धुमश्चक्रीत आघाडीवर जखमी शिवत होते. भारतीय डॉक्टर चीनला गेले तेच मुळी चू तेहने १९३७ला नेहरूंना लिहिलेल्या पत्रावरून, आणि पेंग हा चू तेहचा उपसेनापती. मोहीम गाजली, पण जपान्यांनी सूड असा उगवला की गावंच्या गावं जाळली. येनानमधून, म्हणजे पक्षाच्या मुख्यालयातून, पूर्ण मंजुरी यायच्या आधीच पेंगने हल्ला सुरू केला, हा ठपका १९४५मध्ये पक्षाच्या बैठकीत त्याच्यावर ठेवला गेला. ती बैठक चाळीस दिवस चालली. हा आकडा लक्षात ठेवा.

कोरिया. ४ ऑक्टोबर १९५०ला शिआनहून त्याला विमान पाठवून बीजिंगला बोलावलं. त्याला वाटलं वायव्येच्या विकासाच्या योजनांवर चर्चा असेल, म्हणून तसलेच कागद बरोबर नेले. तिथे विषय निघाला कोरियात फौज धाडायची का. दुसरा बडा सेनापती लिन पियाओ याने तब्येतीचं कारण सांगून अंग काढलेलं. त्या रात्री हॉटेलच्या मऊ गादीवर पेंगला झोप येईना, म्हणून तो खाली गालिच्यावर आडवा झाला. तिथेही झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तो जायला हवं म्हणाला आणि जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडली. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आपल्या फौजेच्याही पुढे, मोजक्या माणसांनिशी, त्याने यालू नदी ओलांडली.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. अमेरिकी सेनापती मॅकआर्थरची फौज पार मागे लोटली, ४ जानेवारी १९५१ला सोल घेतलं. पण सैनिकांचं खाणं काय होतं? धूर दिसला की वरून बॉम्ब पडायचे, त्यामुळे चूल पेटवायची सोय नाही. भाजलेल्या धान्याचं पीठ पाठीवरच्या पिशवीत, आपल्या सातूच्या पिठासारखं. एक मूठ पीठ, एक मूठ बर्फ. बीजिंगमध्ये पंतप्रधान चौ एन लाय स्वतः पीठ भाजायला बसला होता. उपाशी, कुडकुडती फौज अजून पुढे रेटा असं माओ सांगत होता. फेब्रुवारीत पेंग थेट विमानाने बीजिंगला गेला. माओ झोपलेला. रक्षकांनी अडवलं, याने ऐकलं नाही, आत घुसून उठवलं आणि सांगितलं की हे युद्ध झटपट जिंकता येणार नाही. माओने ऐकून घेतलं. लोक झोपले असताना आत घुसून तक्रार करायची हिंमत फक्त तूच करू जाणे, असं म्हणाला म्हणतात.

झोपेचा हाही प्रसंग लक्षात असू द्या.

१९५८. 'मोठी झेप', म्हणजे शेती आणि पोलादाचं उत्पादन एका दमात वाढवायची माओची मोहीम. अंगणाअंगणात पोलादाच्या भट्ट्या, सार्वजनिक भटारखाने, आणि पेपरांत एका मूला (मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे) सात हजार जिन गव्हाच्या बातम्या. एक जिन म्हणजे अर्धा किलो. हिशेब तुम्हीच करा. पेंग वर्षाअखेरीस हुनानला गेला. ज्या पिंगज्यांगला तीस वर्षांपूर्वी बंड केलं तिथेच त्याच्या लक्षात आलं की कमी पिकलेल्या वर्षाचे आणि जास्त पिकलेल्या वर्षाचे आकडे अदलाबदल करून लावलेत. त्याच दौऱ्याशी जोडलेल्या काही ओळी आहेत. कोणी म्हणतात लाल सेनेतल्या एका जायबंदी शिपायाने चिठ्ठीवर दिल्या, कोणी त्या पेंगच्याच मानतात. भावार्थ असा: दाणे मातीत सांडलेत, रताळ्याची पानं वाळलीत, धट्टेकट्टे भट्टीवर गेले, कापणीला पोरंबाळं आणि बाया. पुढचं वर्ष कसं काढायचं? लोकांसाठी कोणीतरी बोला.

जुलै १९५९, लुशानच्या थंड डोंगरावर पक्षाची बैठक. १३ तारखेला सकाळी पेंग माओला समक्ष सांगायला गेला. रक्षक म्हणाला, अध्यक्ष नुकतेच झोपलेत. आणि हा परत फिरला. आठ वर्षांपूर्वी दार ढकलणारा माणूस. खोलीवर जाऊन त्याने पत्र लिहिलं आणि १४ला पाठवलं.

पत्र वाचाल तर म्हणाल, यात एवढं काय आहे? अर्धं कौतुकच आहे. चुका झाल्या, आकडे फुगवले गेले, 'मध्यमवर्गीय उन्माद' झाला, एवढंच. पोलादाबद्दल लिहिताना 'तोटा' आधी आणि 'फायदा' नंतर लिहिला, यावरही रण माजलं. माओने पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि २३ला भाषण ठोकलं. सैन्य पेंगच्या मागे जाणार असेल तर मी खेड्यात जाऊन नवी लाल सेना उभारीन, अशा थराला गोष्ट गेली. पेंगही चिडका. येनानला तुम्ही चाळीस दिवस माझी आईबहीण काढलीत, मी वीस दिवस तुमची काढली तर काय बिघडलं, असं बोलून बसला. बैठक संपली तेव्हा तो आणि त्याच्या बाजूचे चांग वेनथ्यान, हुआंग कचंग आणि चौ श्याओचौ हे 'पक्षविरोधी टोळी' ठरलेले होते. संरक्षणखातं गेलं लिन पियाओकडे. आणि झेप थांबायच्या ऐवजी जोरात सुरू झाली. त्यातून आलेल्या दुष्काळातल्या बळींचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

शेवटच्या पंधरा वर्षांबद्दल खाली लिहीन, आत्ता हात दुखले.

---

सुकटबोंबील
जबरदस्त! वाचनखूण साठवली आहे. आजीचा प्रसंग वाचून पुढचं वाचवेना. एक भाबडा प्रश्न: १९६२ला आपल्यावर चालून आला तो हाच का?

गवताळवाट
नाही. १९५९च्या सप्टेंबरातच त्याचं मंत्रिपद गेलं. १९६२ला संरक्षणमंत्री लिन पियाओ होता आणि तिबेटच्या बाजूची फौज चांग कुओहुआच्या हाताखाली होती. तेव्हा पेंग बीजिंगच्या कडेला कोबी लावत होता. लाँगजूची चकमक (ऑगस्ट १९५९) मात्र लुशाननंतर लगेचच्या दिवसांतली.

कृष्णाकाठ
फार दिवसांनी असा धागा आला. थोडं अवांतर, पण अगदीच नाही. पेंगच्या फौजेतले जे चिनी युद्धकैदी परत जायला तयार नव्हते, त्यांची राखण कोणी केली? आपल्या कोल्हापूरकडच्या वडगावच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांनी. १९५३च्या शस्त्रसंधीनंतर तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. बावीस हजारांवर कैदी, त्यातले चौदा हजारांहून जास्त चिनी. दक्षिण कोरियाचा सिंगमन ऱ्ही अडून बसला की भारतीय शिपायाचं पाऊल माझ्या भूमीवर पडता कामा नये. मग आपली पोरं बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट मधल्या पट्ट्यात उतरवली. छावणीचं नाव हिंदनगर. आमच्या आजोबांचे थोरले बंधू तिथे होते, रसदखात्यात. ते सांगायचे, "कोरियात इतके महिने काढले पण कोरिया पाहिलाच नाही."
चिनी कैद्यांनी एकदा आपल्या एका मेजरला आत डांबून ठेवलं तेव्हा थोरात निःशस्त्र आत शिरले आणि त्याला सोडवून आणलं. त्यासाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आता कीर्तिचक्र म्हणतात.

गवताळवाट
कृष्णाकाठ, दंडवत! हे मी लेखात घ्यायला हवं होतं. त्या कैद्यांतले कितीतरी १९५१च्या वसंतातल्या पाचव्या मोहिमेतले. तीत पेंगची १८०वी डिव्हिजन कोंडीत सापडली आणि जवळजवळ संपली. उरलेले हजारो पकडले गेले. म्हणजे पेंगच्या सगळ्यात मोठ्या पराभवाची माणसं थोरातांच्या पदरी पडली.

अर्धाकप
चांगलं लिहिलंय, पण जरा हार जास्त झालेत.
एक, कोरियात मेलेल्या चिनी सैनिकांचा त्यांचाच अधिकृत आकडा १,९७,६५३ आहे. पीठ आणि बर्फ खाऊन चढाई करायला लावणारा सेनापती कोण होता?
दोन, १९५८मध्ये, म्हणजे लुशानच्या फक्त एक वर्ष आधी, सैन्याच्या बैठकीत सू यू आणि ल्यू पोचंग या सहकाऱ्यांना 'पोथीनिष्ठ' वगैरे म्हणून झोडपण्यात हेच पेंगसाहेब पुढे होते. ल्यू पोचंग आजारी, तरी त्याला सगळ्यांपुढे स्वतःवर टीका करायला उभं केलं. पुढच्या वर्षी तेच यंत्र याच्यावर फिरलं. तेव्हा उमाळे जरा बेताने.

गवताळवाट
दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. मी तो टाळला, कारण आजीच्या शेजारी तो बसत नव्हता. हे लबाडीचं झालं, कबूल.
पहिल्याबद्दल एवढंच, की माओला झोपेतून उठवायला तो गेला तो त्या पिठापायीच. तरी वसंतातली मोहीम त्याने केली, हेही खरं.

चावडीवरचा
माओचा मुलगा याच्याच तंबूत मेला ना? अंडा फ्राइड राइस करत होता म्हणून धूर दिसला अशी कथा वाचलीय.

गवताळवाट
माओ आनयिंग. वय २८, पेंगच्या मुख्यालयात रशियन दुभाषा. २५ नोव्हेंबर १९५०ला नापाम पडलं. तंबू नव्हे, लाकडी घर होतं. फ्राइड राइसची कथा चिनी सरकारला अजिबात मान्य नाही. पण नोव्हेंबरच्या सुमारास चीनमध्ये कोणी अंडा फ्राइड राइसची पाककृती टाकली तर आजही गदारोळ होतो. एका नामवंत आचाऱ्याला त्यापायी माफी मागावी लागली. पेंगने आनयिंगला इतर सैनिकांबरोबर कोरियातच पुरायला सांगितलं. या मृत्यूमुळे माओ पेंगवर डूख धरून होता, असं पुष्कळजण लिहितात. मला ते फार फिल्मी वाटतं. लुशानला कारण होतं खुर्ची आणि ते पत्र.

चावडीवरचा
लुशानला बाकीचे मार्शल काय करत होते? हाताची घडी?

गवताळवाट
बहुतेक झोडपण्यात सामील. चू तेहने बिचाऱ्याने सौम्य शब्दांत टीका केली, म्हणजे करावी लागते म्हणून केली. तर माओने पाय वर उचलला, बुटावरून बोटांनी खाजवून दाखवलं आणि म्हणाला की ही तर बुटावरून खाज भागवणं झालं. म्हातारा लालबुंद होऊन गप्प बसला.

वाफाकरी
मी शेतकरी, कोबीचं वाचून थांबले. पुढे काय झालं त्याचं? आणि एका मूला सात हजार जिन? म्हणजे एकरी वीस टनांच्या वर गहू! त्या पेपरवाल्याला म्हणावं दाणे मोजताना चष्मा लाव.

गवताळवाट
वाफाकरीताई, पुढची गोष्ट तुमच्याच कामाची आहे.
पद गेल्यावर तो मार्शलचा गणवेश, गालिचे, सगळं परत करून बीजिंगच्या वायव्येला एका पडक्या बागेत राहायला गेला. जागेचं नाव क्वाज्याथुन. अर्थ काढला तर 'चिलखत खुंटीला टांगलं ते गाव'. नाव त्याच्या आधीपासूनचं आहे, कोणी मुद्दाम ठेवलेलं नाही. तिथे त्याने डबकं उपसून कमळं लावली, भाजी केली. आणि पेपरातले आकडे डोक्यात किडे पाडत होते म्हणून स्वतः गहू पेरला. एक 'फन' जमीन, म्हणजे मूचा दहावा भाग, तुमच्या हिशेबात पाऊण गुंठ्याच्या आतच. एकट्याने खणली, खत घातलं, दाण्यावर चिमण्या येतील म्हणून राखण केली. पीक निघालं नव्वदेक जिन. म्हणजे एवढं जिवापाड करूनही मूला नऊशे. सात हजार नाहीच.

वाफाकरी
अर्ध्या-पाऊण गुंठ्यात ४५ किलो. एकरी पावणेतीन टन. लेकराला पाजावं तसं पाणी दिलं असणार त्याने! आमच्याकडे चांगल्या बागायतीत याहून फार वर कोणी जात नाही. मार्शलला पास केलं.

सुकटबोंबील
आणि शेवट?

गवताळवाट
शेवट लिहायचं टाळत होतो.
१९६२मध्ये त्याने ऐंशी हजार अक्षरांचं दुसरं पत्र लिहिलं, आपली बाजू मांडायला. उपयोग शून्य. १९६५ला माओने बोलावून गोड बोलून सिचुआनला कामावर धाडलं, कदाचित सत्य तुझ्या बाजूला असेल म्हणाला. त्याच नोव्हेंबरात मिंग काळातल्या हाय रुई या सरळमार्गी अधिकाऱ्यावरच्या नाटकाला झोडपणारा लेख छापून आला, आणि डिसेंबरात माओनेच सांगून टाकलं की पेंग हाच हाय रुई. सांस्कृतिक क्रांती तिथूनच पेटली. १९६६च्या डिसेंबरात माओभक्त रेड गार्ड पोरांनी त्याला चेंगतूमधून धरून बीजिंगला आणलं. गळ्यात पाटी, मिरवणुका, मारहाण, मोडलेल्या बरगड्या, शंभरावर चौकश्या. २९ नोव्हेंबर १९७४ला कर्करोगाने गेला, खिडक्यांना आतून कागद चिकटवलेल्या खोलीत. दहन झालं 'वांग छुआन' या खोट्या नावाने आणि राख गुपचूप चेंगतूला. डिसेंबर १९७८मध्ये पक्षाने चूक मान्य करून शोकसभा घेतली. पत्राच्या आणि आठवणींच्या प्रती पुतणीने जपल्या, म्हणून १९८१ला त्या छापता आल्या.

सांजवात
बायकोबद्दल कोणीच लिहीत नाही. तिचं काय?

गवताळवाट
पू आनश्यू. शिक्षणक्षेत्रातली. नवऱ्याशी नातं तोड म्हणून पक्षातून दबाव. १९६२मध्ये ती भेटायला आली तेव्हा एक नाशपाती मधोमध कापून अर्धी अर्धी घेतली. चिनीत 'नाशपाती वाटून घेणं' आणि 'वेगळं होणं' यांचा उच्चार एकच, म्हणून नवराबायको कधी नाशपाती वाटून खात नाहीत. तिने आपली फोड खाल्ली. त्याने आपली तशीच ठेवली.
घटस्फोट कायद्याने कधी पुरा झाला नाही. १९७८नंतर ती पुन्हा त्याची पत्नी म्हणूनच ओळखली गेली.

अर्धाकप
वरची कुरबुर मागे घेत नाही, पण ही फोड लक्षात राहील.

कृष्णाकाठ
धागाकर्ते, थोरातांवर वेगळा धागा काढाच. १९६०ला लखनौत 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन त्यांनी चीन कुठून कसा येईल ते मांडलं होतं, आणि वरच्यांनी ऐकलं नाही. तेही एक न ऐकलेलं पत्रच. आजोबांच्या ट्रंकेत हिंदनगरचा एक फोटो आहे, तारेच्या कुंपणामागे चिनी पोरं वाडगे घेऊन उभी आहेत. दिवाळीत गावी जाईन तेव्हा शोधून टाकतो.